डेझर्ट रोड बंद आहे

अबोलीचा पाय मोडल्याचं फोनवर कळलं, तेव्हा निशिगंधाच्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिच्या मनात आलं, ‘बरं झालं.’

विचार आला तसा गेलाही. पुढच्याच क्षणी ती घाबरीघुबरी होऊन विचारत होती, “कुठे आहेस तू? सोबत कोण आहे? गुंड्या कुठेय?” पण आला होता हे खरं, आणि तो एका दिवसात उगवलेला नव्हता.

दोघी २००७ साली पुण्याहून एकाच विमानाने ऑकलंडला शिकायला आल्या होत्या. एका खोलीत दोन गाद्या टाकून राहायच्या आणि सुट्टीत पुकेकोहेच्या एका शेडमध्ये कांदे निवडायला जायच्या. एका दुपारी त्या शेडसमोर एक मोटरहोम येऊन थांबलं. आतून एक म्हातारं जोडपं उतरलं. त्यांनी दोन खुर्च्या मांडल्या, किटली ठेवली आणि कशाचीही घाई नसल्यासारखे ते चहा पीत बसले. निशिगंधा कांद्यांचा क्रेट छातीशी धरून बघतच राहिली.

“अबोली, मी एक दिवस असलं घर घेणार. आणि एकटी फिरणार. बरोबर फक्त एक कुत्रा.”

अबोली खो खो हसली होती. “तू? तुला न्हाणीघरात झुरळ दिसलं तरी मला हाक मारावी लागते!”

पुढे निशिगंधाने रणजितशी लग्न केलं. ओवी झाली. ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात चार बेडरूमचं नवं घर घेतलं. रोज सकाळी मोटरवेवर पाऊण तास, संध्याकाळी एक तास, मधल्या वेळात दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, असं तिचं सगळं मार्गी लागलं. अबोलीने लग्न केलं नाही. लॅपटॉप उघडून कुठेही बसून करता येईल असं डिझाइनचं काम तिने धरलं, २०१४ मध्ये एक जुनं मोटरहोम घेतलं, आणि मेंढ्या सोडून भलत्याच गोष्टींवर भुंकतो म्हणून एका शेतकऱ्याने काढून टाकलेला काळा-तपकिरी कुत्रा सांभाळायला आणला. तोच गुंड्या.

तेव्हापासून निशिगंधाचा फोन तिचा वैरी झाला. ऑफिसात जेवणाचा डबा उघडावा तर समोर अबोलीचा फोटो. मागे तळं आणि दारात बसलेला गुंड्या. ओवीचा गृहपाठ घ्यायला बसावं तर गुंड्या बर्फात उभा, पट्टा नाही, साखळी नाही, फोटो काढणाऱ्या अबोलीकडे टक लावून बघतोय. निशिगंधा तो फोटो बोटांनी मोठा करायची आणि काहीतरी खोट काढायची. पडदे मळलेत. किती काळवंडलीये ही. एकटं राहून राहून माणूस विचित्रच होतो. मग फोन उलटा ठेवायची, आणि पाच मिनिटांनी पुन्हा सरळ करायची.

अबोली पडली ती २०१६ च्या ऑगस्टमध्ये. नॉर्थ आयलंडच्या मधोमध वायोरू नावाचं लष्कराचं छोटं गाव आहे. तिथल्या कॅम्पवर ती उतरली होती. सकाळी मोटरहोमच्या पायरीवर बर्फाचा काचेसारखा थर धरला होता. पाय सटकला आणि घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. रणजित गाडी घेऊन गेला आणि तिला फ्लॅट बुशला घेऊन आला. प्लास्टरमधला पाय मागच्या सीटवर आडवा ठेवायचा, त्यात गुंड्यासारखं धूड कुठे मावणार? तो आणि मोटरहोम, दोघंही कॅम्पवरच राहिले.

“कुणाला तरी पाठवून गाडी आणवून घेऊ,” रणजित म्हणाला.

“मी जाते,” निशिगंधा म्हणाली.

“तू? ते धूड चालवणार?”

“पुण्यात बाबांची मेटॅडोर चालवायचे मी.”

सोफ्यावर पाय उंच करून बसलेल्या अबोलीच्या डोळ्यांत पाणी आलं. “निशू, तुझे उपकार कसे फेडू गं? त्याला रोज चिकन उकडून दे. आणि रस्ता उघडा असेल तरच नीघ. बर्फ पडला की तिथून वर येणारा डेझर्ट रोड बंद करतात. ओहाकुनेवरून वळसा घालून येऊ नकोस, तिथे वळणांवर बर्फ साचतो, ती गाडी घसरते. थांब सरळ. पण उघडला की लगेच ये. तो माझ्याशिवाय जेवत नाही.”

‘बघू जेवतो का नाही ते,’ निशिगंधा मनात म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी बसमधून ती वायोरूला उतरली तेव्हा थंडी दातांना झोंबत होती. कॅम्प सांभाळणारी हुइया साठीची बाई होती. पायात गमबूट, डोक्यावर लोकरीची टोपी. “कीआ ओरा, डार्लिंग! तूच का अबोलीची मैत्रीण? गनर बघ कधीपासून वाट बघतोय.” गुंड्याचं तिने लष्करी गावाला शोभेल असं गनर, म्हणजे तोफची, करून टाकलं होतं.

गुंड्या धावत आला, निशिगंधाचे हात हुंगले, मग तिच्या पायांच्या बाजूने मान काढून मागे, बसकडे बघत राहिला. बस निघून गेली. तरी तो तिथेच उभा.

शुक्रवारी सकाळी उठून तिने पडदा बाजूला केला तर बाहेर सगळं पांढरं. रस्त्यावरचं फाटक आडवं पडलेलं. डेझर्ट रोड बंद. घरी फोन करून तिने तसं कळवलं, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला आज कुठेही जायचं नव्हतं.

तो दिवस तिने गूळ चघळावा तसा चघळला. गॅसच्या छोट्या शेगडीवर आलं घालून चहा केला आणि कप दोन्ही हातांत धरून पायरीवर बसली. शेजारच्या व्हॅनमधले म्हातारे गृहस्थ जाता जाता म्हणाले, “मस्त गाडी आहे तुमची.” तिने ‘मैत्रिणीची आहे’ म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते “थँक यू. दोन वर्षं झाली घेऊन.” मग ते कुठे कुठे फिरलात विचारायला लागले, आणि अबोलीच्या फोटोंतली एकेक जागा तिने आपली म्हणून सांगितली. तळं सांगितलं, दीपगृह सांगितलं. एकटीला भीती नाही वाटत? “सवय झाली आता,” ती म्हणाली. बोलताना तिचा आवाजसुद्धा अबोलीसारखा झाला होता.

फक्त गुंड्या साथ देत नव्हता. तिने चिकन उकडून दिलं. त्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं. तुपात परतलेलं अंडं दिलं. तेही नाही. अबोलीचे जुने गमबूट दाराशी होते, त्यावर हनुवटी ठेवून तो पडून राहिला. तिने ते गमबूट उचलून कपाटात टाकले. तर तो कपाटासमोर जाऊन पडला.

संध्याकाळी तिने पुन्हा घरी फोन लावला. पलीकडे हसण्याचा गलका होता. ओवी ओरडून सांगत होती, “आई, अबोली मावशी इज सो फनी! शी ड्रू अ मस्टॅश ऑन हर प्लास्टर!” मागून चर्र आवाज येत होता.

“काय चाललंय?”

“बाबा इज मेकिंग थालीपीठ.”

“बाबा?”

सात वर्षांच्या संसारात रणजितने शेगडीवर चहापलीकडे काही ठेवलं नव्हतं. इथे हिचा कुत्रा माझ्या हातचं खात नाही, आणि तिथे माझा नवरा हिला थालीपीठं थापून घालतोय. हिने काय काय घ्यायचं ठरवलंय?

“गुंड्या जेवला का गं?” अबोलीने फोन घेऊन विचारलं.

“ताट चाटूनपुसून,” निशिगंधा म्हणाली.

“हो? बरं झालं बाई,” अबोली म्हणाली. तिच्या आवाजात आनंदाबरोबर थोडंसं काहीतरी खट्टू झालं, ते निशिगंधाने बरोबर टिपलं. त्या खट्टू होण्याने तिला रात्री छान झोप लागली.

शनिवारी सकाळी नऊला हुइयाने खिडकीवर टकटक केलं. “रस्ता उघडला, डार्लिंग! ऊनही पडलंय. आता निघालीस तर दुपारी तीनपर्यंत घरी.”

निशिगंधाने तिचे आभार मानले. गॅसची टाकी बंद केली, कपाटांची दारं लावली, खुर्ची आत घेतली. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून तिने फोन उचलला. तोपर्यंत तिच्या मनात काही नव्हतं, अगदी शपथेवर.

रणजितनेच फोन घेतला. “काय गं, उघडला का?”

“नाही रे,” ती म्हणाली. “डेझर्ट रोड बंद आहे. आज काही उघडेलसं वाटत नाही. उद्या बघू.”

बोलून झाल्यावर तिने फोन उलटा ठेवला. आतून एक गुदगुली उठत होती. एक दिवस. अख्खं आयुष्य तर नाही मागितलं. एक दिवस तर हवा.

तिने ठरवलं, डेझर्ट रोडच्या अर्ध्या वाटेपर्यंत जायचं, बघायचं आणि कॅम्पवर परत यायचं. गाडी वळवून ती कॅम्पच्या फाटकाबाहेर पडली.

अबोलीने टाकलेले त्या रस्त्याचे फोटो तिने शंभरदा पाहिले होते, तरी प्रत्यक्षात ते वेगळंच निघालं. पाऊस पडतो, बर्फ पडतो, तरी जमीन पाणी धरूनच ठेवत नाही असलं ते वाळवंट. करडी-काळी राख, पिवळट गवताचे झुबके, मध्ये मध्ये वाऱ्याने खरवडून काढलेल्या घळी. डाव्या हाताला रुआपेहूचा डोंगर नखशिखांत पांढरा. विजेचे मोठाले मनोरे एकामागून एक कुठेतरी चाललेले. गाडी वाऱ्याने हलत होती आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून निशिगंधा मोठमोठ्याने गात होती. बाजूच्या सीटवरचा गुंड्या खिडकीबाहेर बघत होता. तिला वाटलं, आता झाला हा माझा.

उंचावर एका जागी रस्त्याकडेला गाडी उभी करण्याइतकं मोकळं होतं. ती तिथे थांबली. डोंगर अगदी समोर होता. तिला तो फोटो हवा होता. पट्टा नाही, साखळी नाही, आणि कुत्रा टक लावून आपल्याकडे बघतोय. तिने गुंड्याच्या गळ्यातला पट्टा सोडला.

“बस. बस रे गुंड्या. इकडे बघ.”

तो बसला. तिच्याकडे बघितलंही. तिने फोन उंच धरला, आणि त्याच वेळी गवताच्या झुबक्यातून एक ससा उसळला.

काय होतंय हे कळेपर्यंत गुंड्या कुंपणाच्या तारांखालून पलीकडे गेला होता. तारांवर लाल अक्षरांची पाटी होती. लष्कराचा सरावाचा भाग. आत जाऊ नका. न फुटलेले बॉम्ब असण्याची शक्यता.

“गुंड्या! गुंड्याऽऽ! कम हिअर! ये ना रे बाळा!” तिने हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, चिकनचा डबा काढून खडखडवला. तो दूर एका घळीच्या कडेवर दिसला, उतरला, पुन्हा दिसला. आणखी लहान झाला होता. तिच्या हाकेला त्याने मानसुद्धा वळवली नाही. तिने शिट्टी मारायचा प्रयत्न केला. नुसती हवा बाहेर आली. दुरून कुठूनतरी तोफेचा जड, दबका आवाज आला. ती तार वाकवून आत पाय टाकायला निघाली, पाटीकडे बघितलं, आणि पाय मागे घेतला. आपण भित्र्या आहोत, हे तिला त्या वेळी स्वच्छ दिसलं.

अबोली दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची. शेतकऱ्याकडून शिकली होती. त्या शिट्टीला गुंड्या झोपेतूनही उठून जायचा.

फोनवर सिग्नलच्या दोन काड्या होत्या. निशिगंधा पुरतं एक मिनिट फोन हातात धरून उभी राहिली. हे एक मिनिट तिला पुढे फार छळणार होतं. मग तिने नंबर लावला.

“अबोली, ऐक. काही विचारू नकोस. मी डेझर्ट रोडवर आहे. गुंड्या सुटलाय. लष्कराच्या कुंपणाच्या आत गेलाय.”

“रस्ता बंद आहे ना?” अबोली म्हणाली.

“नाही. सकाळीच उघडला. मी खोटं बोलले. अबोली, तू शिट्टी मार. मी फोन गाडीच्या स्पीकरला जोडते. प्लीज.”

अबोलीने खरंच काही विचारलं नाही. निशिगंधाने स्पीकरचा आवाज शेवटपर्यंत वाढवला, गाडीची सगळी दारं सताड उघडली. साडेतीनशे किलोमीटरवरच्या सोफ्यावरून ती शिट्टी आली आणि वाळवंटावर पसरली. एकदा. दोनदा. मग अबोलीचा आवाज, “गुंड्याऽऽ, चल घरी! चल रे राजा, चल घरी!” तिसऱ्या हाकेला तो आवाज फाटला.

घळीच्या कडेवर एक काळा ठिपका थांबला. वळला. आणि सुसाट सुटला.

निशिगंधा रस्त्याकडेला गुडघ्यांवर बसली होती, हात पसरून. तो तारेखालून आला, ओला, पोटाला राख लागलेला, तिच्या हातांना वळसा घालून थेट गाडीत शिरला. त्याने सीटवर शोधलं, बिछान्यावर शोधलं, कपाट हुंगलं. मग स्पीकरला नाक लावून तो कुईकुई करायला लागला.

“आला का? निशू, आला का गं?”

“आला,” निशिगंधा म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि तरीही, अगदी तेव्हाही, स्पीकरला बिलगलेल्या त्या कुत्र्याकडे बघून तिला हेवा वाटला. तिला स्वतःचीच कमाल वाटली.

“आता दारं लाव,” अबोली म्हणाली, “आणि सरळ घरी ये.” फोन बंद झाला.

कॅम्पवर परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. ती तुरांगी, टाउपो करत, एकदाच डिझेलला थांबून अंधार पडायच्या आत फ्लॅट बुशला पोचली. दार उघडताच गुंड्या घरात घुसला. अबोली कुबड्या टाकून जमिनीवरच बसली आणि तो तिच्या अंगावर चढला. ओवी टाळ्या पिटत होती. रणजित दारात हाताची घडी घालून उभा होता.

“काय कारण होतं, निशिगंधा?” त्याने विचारलं. तो तिला पूर्ण नावाने क्वचितच हाक मारायचा. “आम्ही दोघं तिथे बर्फात अडकलेल्या बाईची काळजी करत बसलो होतो.”

तिने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. ती वरती जाऊन झोपली.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात दोघीच होत्या. अबोली खुर्चीवर, तिचा पाय दुसऱ्या खुर्चीवर. गुंड्या खाली भांड्यातलं चिकन मचामच खात होता.

“त्याच्या बरगड्या लागतायत हाताला,” अबोली म्हणाली. “ताट चाटूनपुसून खाल्लं म्हणालीस.”

“तेही खोटं होतं.” निशिगंधा ओट्याला टेकून उभी होती. “अबोली, मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही. तू गाडी घेतलीस तेव्हापासून. कारण ते माझं होतं. पुकेकोहेला, त्या शेडमध्ये मी म्हणाले होते. तू हसलीस, आणि मग तूच जाऊन ते घेतलंस.”

“तुझंच होतं,” अबोली म्हणाली. “म्हणून तर गाडी बघायला गेले तेव्हा पहिला फोन तुला केला. अर्धी अर्धी घेऊ म्हटलं. सहा महिने तू फिर, सहा महिने मी. काय म्हणाली होतीस, आठवतंय?”

निशिगंधाला आठवायला लागलं होतं. घराजवळच्या बॉटनी मॉलमध्ये ती पडद्यांचं कापड बघत होती, फोन खांद्याशी धरून. ‘हे काय खूळ तुझं, अबोली? वय काय आपलं? एकदा भाड्याने घे आणि हौस भागव.’ असंच म्हणाली होती. शब्दन् शब्द. दोन वर्षांत तिने ते इतकं नीट विसरून टाकलं होतं, की आता ते दुसऱ्याच कुणाचं बोलणं वाटत होतं.

“मी त्या पायरीखाली तासभर पडून होते,” अबोली म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “हा भुंकत राहिला म्हणून हुइया आली. तुला वाटत असेल की हा नुसता फोटोत बसायला आहे. तुला एक दिवस हवा होता तर मागायचास ना. मी नाही म्हटलं असतं का? मागितला असतास तर आठवडा दिला असता.”

“मागता आलं नाही.”

“का?”

“मागितलं असतं, तर तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही हे कबूल केल्यासारखं झालं असतं.”

अबोलीने खाली वाकून गुंड्याची मान खाजवली. मग म्हणाली, “चहा कर. आलं घाल.” माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि निशिगंधाने विचारलंही नाही.

प्लास्टर निघेपर्यंत अबोली तिथेच राहिली. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी ती गुंड्याला घेऊन गेली. जाताना ओवीला कवटाळलं, रणजितला थालीपीठाची शाबासकी दिली, निशिगंधाच्या दंडाला हात लावून “येते” म्हणाली. पुढे दोघींचे फोन चालू राहिले, पण पूर्वीसारखं एकमेकींच्या बोलण्यावर बोलणं पडत नसे. एकीचं संपलं की दुसरी बोलायची.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात निशिगंधाने चार दिवसांसाठी एक छोटी व्हॅन भाड्याने घेतली आणि कोरोमंडलला एकटी गेली. अबोलीने तिची गाडी देऊ केली नव्हती, हिनेही मागितली नव्हती. चारातले अडीच दिवस पाऊस लागला. छतातून एका कोपऱ्यात पाणी टपकायचं, त्याखाली तिने पातेलं ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिला घरची इतकी आठवण आली की ती बसून रडली. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर ती रबरी चपला पायात अडकवून ओल्या वाळूत तीन तास चालली. समोरून येणाऱ्या एका बाईने विचारलं, एकट्याच आलात का? “हो,” ती म्हणाली, “पहिल्यांदाच. आणि व्हॅन भाड्याची आहे.”

परत आल्यावर तिने अबोलीला हे सगळं सांगितलं, पातेल्यासकट. अबोली हसली. मग आपण सध्या कुठे आहोत ते सांगू लागली, साउथ आयलंडमध्ये, एका नदीकाठी. निशिगंधाच्या मनात तो ओळखीचा हेवा हलला. तिने तो हलू दिला, आणि नदीचं नाव विचारलं.